तुम्ही काय वाचता, ते तुमचंच राहू दे

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं की निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच काढते. पत्र मोबाइलशेजारी ठेवा आणि सवडीनं एकेक गोष्ट करून बघा.

आई, पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की तू लगेच मोबाइलवर बातमी उघडतेस. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं, एवढंच तुला बघायचं असतं. तेवढ्यात खालून एक पाटी वर येते आणि अर्धा स्क्रीन झाकते. बारीक इंग्रजी मजकूर आणि खाली ठळक निळं बटण, 'अ‍ॅक्सेप्ट ऑल'. पाटी जावी म्हणून तू ते दाबतेस. मला राग येतो तो पाटी बनवणाऱ्यांचा. होकाराचं बटण ठसठशीत आणि नकाराचं फिकट राखाडी, नाहीतर 'मॅनेज'च्या आत दडवलेलं. घाईत असलेल्या माणसानं होच म्हणावं, अशी ती मांडणी असते.

तो होकार बहुतेक वेळा कुकीजसाठी असतो. कुकी म्हणजे वेबसाइटनं आपल्या फोनमध्ये ठेवलेली एक छोटीशी नोंद, त्यात बहुधा एक क्रमांक. 1994मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरनं ती काढली, ती वेबसाइटला आपली ओळख लक्षात राहावी म्हणून. लॉगिन टिकून राहतं ते तिच्यामुळेच, आणि त्यात काही वावगं नाही. वावगं पुढचं आहे. बातमीच्या पानावर जाहिरात कंपन्याही आपापल्या कुकीज ठेवतात. त्याच कंपन्या पंचांगाच्या पानावर असतात, औषधांच्या पानावरही असतात. तोच क्रमांक सगळीकडे दिसला की हे माणूस दिवसभर काय वाचतं, याची साखळी त्यांच्याकडे तयार होते.

बाबा, दिवाळीत तुमच्या मोबाइलवर मी गाडीची वेळ बघत होते, तर जिथे जावं तिथे कानाच्या मशीनची जाहिरात. तुम्हाला कमी ऐकू येतंय हे तुम्ही आम्हाला नंतर सांगितलंत. जाहिरातवाल्यांना ते आधीच कळलं होतं. शिवाय 'मोफत तपासणी'च्या कुठल्याशा फॉर्ममध्ये तुम्ही नंबर भरलात आणि दुपारच्या झोपेत फोन सुरू झाले. त्या दिवशी तुमची हिस्टरी मी उघडली नाही, पुढेही उघडणार नाही. आपल्या शरीराचं काही बिनसलं तर माणसाला आधी एकट्यानं वाचून बघावंसं वाटतं. तेवढी मोकळीक तुम्हाला कंपन्यांपासून हवी, तशीच मुलांपासूनही हवी. म्हणूनच मी मोबाइल हातात घेऊन परस्पर सगळं लावून दिलं नाही.

"आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" असं तुम्ही म्हणता. बाबा, नाशिकरोडच्या नोटा-मुद्रांकांच्या सरकारी प्रेसमध्ये तुम्ही जन्म काढलात. आत काय छापलं जातंय, हे घरी कधी चकार शब्दानं बोलला नाहीत. त्यात वाईट काही नव्हतं, तरी ज्याची त्याची गोष्ट असते म्हणून तुम्ही ती सांभाळलीत. तुमच्या वाचनाचंही तसंच समजा.

आता करायचं काय. पाटी आली की आधी 'रिजेक्ट ऑल' शोधायचं. नसेल तर 'मॅनेज' उघडायचं आणि चालू असलेली बटणं बंद करायची. 'लेजिटिमेट इंटरेस्ट' (म्हणजे कंपनीचं 'रास्त हित') नावाच्या रांगेतली बटणं आधीपासूनच चालू ठेवलेली असतात, ती विशेष बघा. नकाराची सोयच नसेल तर सरळ पान बंद करा. पाण्याची बातमी दहा ठिकाणी मिळते.

क्रोममध्ये सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आहे, त्यात 'थर्ड-पार्टी कुकीज', म्हणजे बाहेरच्या कंपन्यांनी ठेवलेल्या कुकीज, बंद करा. सफारी त्या आपणहून अडवतं, फायरफॉक्सही त्यांना आपला माग काढू देत नाही. क्रोमनं 2020मध्ये तसं जाहीर केलं होतं, पण पुढे तो बेत सोडून दिला, म्हणून हे काम आपल्यालाच करावं लागतं.

हिस्टरी पुसायला वरचे तीन ठिपके, मग 'डिलीट ब्राउझिंग डेटा'. त्यात 'कुकीज'वर खूण असेल तर काही ठिकाणी पुन्हा लॉगिन करावं लागेल, घाबरू नका. 'पासवर्ड्स'वर मात्र खूण करू नका. आणि एवढ्यानं सगळं पुसलं जात नाही. गूगलच्या खात्यात वेगळी नोंद राहते. तिथे 'डेटा अँड प्रायव्हसी'मध्ये 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' आहे. ती बंद करता येते, किंवा 3 महिन्यांनी आपोआप पुसली जाईल असं लावता येतं. यूट्यूबचंही तसंच.

इनकॉग्निटोवर, म्हणजे क्रोमच्या 'खासगी' खिडकीवर, फार विसंबू नका. त्यात हिस्टरी आपल्या फोनवर राहत नाही, एवढंच. आपण आलो होतो हे वेबसाइटला दिसतं, आणि कुठल्या साइटवर गेलो हे इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाही. त्यावरून अमेरिकेत 2020मध्ये गूगलवर खटला झाला आणि 2024च्या तडजोडीत कंपनीनं इनकॉग्निटोतही जमवलेल्या नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

आई, पंचांगाचं पान "नोटिफिकेशन पाठवू का?" असं विचारतं, तिथे 'ब्लॉक' दाब. "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" असल्या खोट्या सूचना बहुतेक वेळा अशाच परवानगीतून घरात शिरतात.

बाबा, "या वयात कुठे भांडत बसायचं" हेही तुम्ही म्हणालात. के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आधारविरुद्ध 2012मध्ये सुप्रीम कोर्टात गेले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्यांच्याच प्रकरणात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे 2023मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाला. त्यात तरतूद आहे की संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायला मिळाली पाहिजे, म्हणजे मराठीतही. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. अंमल टप्प्याटप्प्यानं होतोय. मराठी सूचना दिसायला लागतील तेव्हा मात्र दोघांनी मिळून एकदा तरी सबंध वाचा.

मी आले की शेजारी बसेन, पण बटणं तुम्हीच दाबायची. कानाच्या डॉक्टरांकडे कधी जायचं ते बाबा तुम्ही ठरवा, मी सुट्टी काढते. मशीनची चौकशी त्यांच्याकडेच करू. तोवर कुठल्याच फॉर्ममध्ये नंबर भरू नका.

तुमची,
मुक्ता