बाबा, तुमच्या रूटवरच्या बाजारपेठांची यादी हवीये

ति. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, जुन्या दुकानांचीच चित्रं काय काढत बसतेस, देवळं काढ, घाट काढ, लोक भिंतीवर लावतील तरी. मी लोकलमध्ये होते, दादर यायला झालं होतं, त्या गर्दीत नीट बोलता आलं नाही, पण तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये म्हणून आज रविवारी निवांत लिहायला बसलेय. आणि बाबांकडे एक काम पण आहे.

देवळं काढणारे खूप आहेत हो बाबा. देवळाचा जीर्णोद्धार होतो, वर्गणी निघते, अख्खं गाव उभं राहतं. दुकानासाठी कोण वर्गणी काढणार? मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला लागलेला असतो, गल्ल्यावर बसणारे आजोबा गेले की फळ्या निघतात, शटर बसतं, वर फ्लेक्स लागतो आणि दोन-चार वर्षांत आधी तिथे काय होतं हे समोरच्या पानवाल्याला पण सांगता येत नाही. हायवेचं रुंदीकरण झालं तिथे तर रस्त्याकडेची रांगच्या रांग गेली. म्हणून सुट्टी मिळाली की मी कोकणात नाहीतर घाटावर कुठेतरी उतरते, स्टँडपासून बाजारपेठेत चालत जाते आणि उघडं-बंद जे जुनं दुकान दिसेल त्याच्यासमोर कागद काढून बसते.

राजापूरचं सांगते. जवाहर चौकाच्या जवळ एक किराणा दुकान आहे, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटा आणि दर्शनी भाग सगळा लाकडी फळ्यांचा. खाली उंबऱ्याला आणि वर चौकटीला खाच आहे, त्यातून एकेक फळी सरकवत न्यायची. प्रत्येक फळीवर ऑइलपेंटने आकडा घातलाय, १, २, ३ असा, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं, वर्षानुवर्षं घासून प्रत्येक फळी आपापल्या जागेलाच बसते आणि चारची पाचात घालायला गेलं तर जात नाही. शेवटच्या फळीला कडी, मग आडवी लोखंडी पट्टी, मग कुलूप. मी समोर बसून काढत होते तर दुकानातले काका स्वतः येऊन मागे उभे राहिले, म्हणाले ती चार नंबरची नवीन आहे, तिचा रंग वेगळा दाखव. खरंच वेगळा होता. जुन्या फळ्या ऊनपाऊस खाऊन राखाडी झालेल्या आणि ही एकटीच अजून तांबूस. मी विचारलं काका तुम्ही शटर नाही बसवलं, तर म्हणाले अर्जुना नदीचं पाणी चौकात आलं की शटरच्या पट्टीत गाळ भरतो, ते जाम होतं, मग माणूस शोधत फिरा, फळ्या काय, काढल्या, धुतल्या, उन्हात उभ्या केल्या, संपलं. त्या बाजारपेठेला पावसाळ्यात पाणी बघायची सवयच आहे आणि ते दुकान त्याच हिशोबाने बांधलंय, आत माल वर चढवायला माळासुद्धा तसाच मोठा आहे. हे सगळं चित्रात यावं असं मला वाटतं, नुसतं छान जुनं घर दिसून उपयोग नाही.

पाटीवर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, कौलांपेक्षा पण जास्त. इथे मुंबईत २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, ते झालं ते उत्तमच झालं, पण घाईत ज्या पाट्या लागल्या त्यातल्या कितीतरी कम्प्युटरवरच्या एकाच वळणाच्या, दवाखाना असो की चपला, अक्षर तेच. आणि तालुक्याच्या गावात पेंटरने हाताने काढलेली पाटी बघा, वर बारीक अक्षरात कुलस्वामिनी प्रसन्न, मधे पिवळ्यात दुकानाचं नाव, त्याला लाल शेडिंग, वेलांटी ऐटीत लांब ओढलेली, जागा कमी पडली म्हणून शेवटची दोन अक्षरं जरा चेपलेली आणि कोपऱ्यात पेंटरची सही. त्या माणसाचा हात जसा फिरला तसाच माझा फिरवावा लागतो, नाहीतर पाटी मेल्यासारखी दिसते.

आता पैशांचं, म्हणजे अशी चित्रं कोण घेणार ते. भूपेन खक्खर म्हणून चित्रकार होते, जन्म मुंबईचा, १९३४ चा, शिकलेले सीए, बडोद्याला हिशोबाची नोकरी सांभाळून चित्रं काढायचे. १९७२ च्या सुमारास त्यांनी घड्याळ दुरुस्तीवाला, शिंपी अशा साध्या दुकानांची मोठी मोठी चित्रं केली. त्यातलं शिंप्याचं चित्र २०१७ ला लंडनच्या लिलावात दहा लाख पौंडांच्या वर गेलं. माझं तसं जाईल असं मी म्हणत नाहीये बाबा, पण शिंप्याचं दुकान हा चित्राचा विषय आहे हे फार आधीच ठरून गेलंय. आणि मी नोकरी सोडत नाहीये, आईला सांगा, रात्री झोप लागेल तिला. प्रदर्शनाचं अजून काही नाही, आधी कामं होऊ देत. सध्या तर लालबागच्या खोलीत इतकी दमट हवा आहे की कागदावरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, वाळता वाळत नाही, पंख्याखाली ठेवून झोपते.

आता काम. बाबा, तुम्ही सगळी सर्व्हिस कंडक्टर म्हणून काढलीत, कराड-चिपळूण तर तुमचा पाठ आहे, मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून खाली. कुठल्या गावात गाडी चहाला थांबायची, समोर कुठलं दुकान होतं, भांड्यांचं, कापडाचं, काष्ठौषधीचं, फळ्यांचं होतं का, ओटा होता का, जे आठवेल ते सांगा. दोन गोष्टी मुद्दाम हव्यात. दुकानाचं तोंड पूर्वेला की पश्चिमेला, म्हणजे ऊन कधी येतं ते कळेल, आणि आठवड्याचा बाजार कुठल्या वारी, कारण त्या दिवशी पालं लागतात आणि मागचं काहीच दिसत नाही. मी नकाशावर किती शोधलं तरी हे मिळत नाही, ते तुमच्याचकडे आहे.

आई, त्यांना लिहायला लावू नकोस, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना त्रास नको, तू विचार आणि वहीत उतरवून घे, मग फोटो काढून व्हॉट्सॲप कर. गणपतीला येते तेव्हा दोन दिवस जास्तीची रजा टाकतेय. बाबांना बरं वाटत असेल तर पाटणपर्यंत एसटीनेच जाऊ तिघं, पंचाहत्तरीनंतर बाबांना तिकीटच नाही आणि तुला-मला अर्धं. खिडकी बाबांना.

तुमची,
मनू