चार तासांचा हट्ट सोडवणाऱ्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

मुंबई मॅरेथॉन या रविवारी आहे आणि हे पत्र मी मुद्दाम त्याआधी लिहितेय. नंतर लिहिलं असतं, तर वेळ चांगली लागली म्हणून आभार मानतेय असं वाटलं असतं. मला आभार मानायचेत ते निर्णयाला केलेल्या मदतीचे. रविवारी व्हायचं ते होवो.

सब-फोरचं खूळ मी वर्षभर मिरवलं. 42.195 किलोमीटर चार तासांच्या आत, म्हणजे किलोमीटरमागे 5 मिनिटं 41 सेकंद, तेही शेवटपर्यंत. ऑक्टोबरच्या लाँग रनला या पेसने जीव कंठाशी यायचा. उपवनच्या टपरीवर चहा पिताना मी जाहीर करून टाकलं, की चार तास रद्द. तुम्ही साफ नाही म्हणालात. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड करायला रक्त कातडीकडे धावतं आणि त्याच पेसला हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात, हे तुम्ही समजावलंत. वर म्हणालात, “ऑक्टोबरच्या घामावर जानेवारीचा निकाल लावू नकोस. पेस बघू नकोस, ठरलेली मिनिटं नुसतं पळ. थंडी पडली की बघू.” मला तेव्हा ती टाळाटाळ वाटली होती.

थंडी पडली. डिसेंबरात सपाट रस्त्यावर, गार हवेत हाफ मॅरेथॉन धावले आणि 2 तास 4 मिनिटं लागली. आता उलटंच झालं: मी चार तासांना चिकटून बसले, आणि तुम्ही वहीचं पान पुढे सरकवलंत. पीट रीगल नावाच्या अमेरिकी इंजिनिअरचं सूत्र तुम्हाला तोंडपाठ. अंतर दुप्पट झालं की वेळ साधारण 2.085 पट होते. माझ्या हाफवरून फुल मॅरेथॉनचे 4 तास 18 मिनिटं निघाले. चार तासांसाठी हाफ 1:55 ला हवी होती. शिवाय आपल्यासारख्या हौशींच्या बाबतीत हे सूत्र उदारच असतं, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

मी म्हटलं, निघू तर 5:41 ने, नाहीच जमलं तर पुढे हळू करू. त्यावर तुम्ही जे सांगितलंत त्याने माझा निर्णय झाला. सुरुवातीला जास्त वेगाने पळलं की स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं इंधन, भराभर संपतं. मग पुढे हळू करायचं की नाही हे आपल्या हातात राहत नाही, आणि परतीचा पेडर रोडचा चढ तर अगदी शेवटच्या टप्प्यात येतो. सेकंदांची उधारी तिथे व्याजासकट फेडावी लागते.

साडेचारची बस, म्हणजे साडेचार तासांत पोचवणाऱ्या पेसरमागचा घोळका, पकडून आरामात जावं, असंही मनात आलं होतं. तेही तुम्हाला पटलं नाही. “एवढी मेहनत केलीस ती गप्पा मारत जायला?” शेवटी 4:20 ठरलं, किलोमीटरमागे 6:10. हा आकडा कुणाला सांगून छाती फुगत नाही, पण तो माझ्या पायांतून निघालेला आहे. चार तास मी कुठून आणले होते, देव जाणे. बहुधा तो आकडा गोल आहे म्हणून. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळपास 98 लाख मॅरेथॉन वेळा तपासल्या होत्या, आणि चार तासांच्या जरा अलीकडे पोचणाऱ्यांची गर्दी पलीकडच्यांपेक्षा उठून दिसत होती. म्हणजे या वेडात मी एकटी नाही!

सगळ्यात अवघड होतं ते ऑफिसात सांगणं. तिथे सगळ्यांना माझं सब-फोर पाठ. तुम्ही हसून म्हणालात, “लोकांना तुझी वेळ सोमवारच्या डब्यापर्यंत लक्षात राहते.” मी दुसऱ्याच दिवशी सांगून मोकळी झाले. एकाने विचारलं, मॅरेथॉन म्हणजे किती किलोमीटर असते गं?

ऑक्टोबरात मी सोडत होते तेव्हा तुम्ही सोडू दिलं नाहीत, डिसेंबरात धरून बसले तेव्हा धरू दिलं नाहीत. दोन्ही वेळा माझ्या मनाविरुद्ध बोललात आणि दोन्ही वेळा आधी कारण दिलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

पेडर रोडला संत्री घेऊन उभे राहणार आहात असं ग्रुपवर वाचलं. मला सोलून द्या, आणि घड्याळ बघून काहीही ओरडू नका.

तुमची,
येऊर ग्रुपात मागून पळणारी