शाळेतल्या उजेडासाठी : ग्रामस्थ, चाकरमानी आणि माहेरवाशिणींना आवाहन

सप्रेम नमस्कार.

यंदा गणपतीला गावी याल तेव्हा आरत्या-भजनांतून अर्धा तास काढून शाळेत डोकावून जा, ही पहिली विनंती. पैशांचं नंतर बोलू.

आपली जिल्हा परिषद शाळा कौलारू, भिंती जांभ्याच्या. पावसाळ्यात भर दुपारी वर्गात दिवा लावावा लागतो आणि नेमकी तेव्हाच लाईट गेलेली असते. गेल्या जुलैत समितीची बैठक तिसरीच्या वर्गाशेजारी होती. झड आत येते म्हणून समुद्राकडच्या खिडक्या लावून घेतलेल्या. एक मुलगी वही घेऊन उंबरठ्यावर बसली होती, कारण अक्षर दिसण्याइतका उजेड तेवढ्याच जागी होता. पागोळ्यांचे शिंतोडे पानावर उडत होते. ती फ्रॉकच्या टोकाने पान टिपायची आणि पुढची ओळ लिहायची. त्या बैठकीत मग दुसरा विषय निघालाच नाही.

सौर पॅनल बसवायचे असं ठरलं, पण आधी शाळेला वीज लागते किती ते मोजलं, आणि ते फार बरं झालं. शाळेत 10 पंखे आहेत, प्रत्येकी 75 वॅटचे. 12 जुन्या ट्यूब, चोक धरून प्रत्येकी साधारण 50 वॅटच्या. सगळं चालू असलं तर 1,350 वॅट, म्हणजे सहा तासांच्या शाळेला 8 युनिट. त्याच जागी 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे आणि 20 वॅटच्या एलईडी ट्यूब लावल्या तर काम सव्वातीन युनिटांत भागतं. म्हणून आधी पंखे-ट्यूब बदलायच्या, मग पॅनल. आता 2 किलोवॅटचे पॅनल पुरतील. वर्षाची सरासरी धरली तर ते दिवसाला 8 युनिटांच्या आसपास देतात. आषाढात उत्पादन निम्म्यावर आलं तरी वर्ग अंधारात राहणार नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद, आणि ऊन तर तेव्हाच कडक. ती वीज नेट मीटरिंगमधून महावितरणला जाईल आणि जमा झालेली युनिटं त्याच आर्थिक वर्षात, जूनपासूनच्या बिलांत वळती होतील.

काही जण विचारतात, वाडीतल्या सौरदिव्यांचं काय झालं ते विसरलात का? विसरलो नाही. दोन पावसाळ्यांत खांब गंजले, बॅटऱ्या बसल्या आणि दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही. खाऱ्या वाऱ्याचा विचारच तेव्हा झाला नव्हता. म्हणून या वेळी सांगाडा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला), नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, पॅनल कौलांवर नाही तर नव्या खोलीच्या स्लॅबवर, वाऱ्याला अंगावर घेणार नाहीत असे सखल. पाच वर्षांच्या देखभालीचा करार लेखी झाल्याशिवाय कामाचे पैसे पूर्ण द्यायचे नाहीत, असं ठरलं आहे.

पॅनलसोबत बॅटरीही बसवायची आहे. ती कशाला, हाही प्रश्न आला. बॅटरीशिवाय नुसती ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेली यंत्रणा लाईट गेली की आपोआप बंद होते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. मग वर ऊन असूनही खाली अंधार. आणि 3 जून 2020 आठवा. निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस मुंबईला ख्यालीखुशाली कळवायची तर मोबाईलला चार्जिंग नव्हतं. पुढे कधी तशी वेळ आली तर शाळेत निदान फोन चार्ज होतील, रात्री एक दिवा जळेल.

एकूण खर्च 2 लाख 68 हजार रुपये आहे. त्यातला मोठा भाग पॅनल, इन्व्हर्टर आणि बॅटरीचा. एक पंखा साधारण 3,000 रुपयांना पडतो. एका घराने एक पंखा घेतला तर दहा घरांत तो विषय संपतो. कुणी आई-वडिलांच्या स्मरणार्थ देणार असेल तर नाव शाळेच्या फलकावर लागेल. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी अंगमेहनतीला यावं. स्लॅबवर सावली पाडणाऱ्या आंब्याच्या दोन फांद्या उतरवायच्या आहेत आणि जुनी वायरिंग काढायची आहे. गावातली जी मुलं मुंबईत इलेक्ट्रिशियनचं काम करतात, त्यांची तर फार गरज आहे.

रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नये. देणगी शाळेच्या बँक खात्यातच भरावी आणि पावती मागून घ्यावी. खात्याचा तपशील मुख्याध्यापकांकडे मिळेल. हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शाळेत बैठक आहे, काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू करायचं आहे.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामस्थ