रॅलीत वेगाआधी हिशेब हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कार रॅली आणि ऑफ-रोड स्पर्धांच्या बातम्यांसोबत छायाचित्र ठरलेले असते. बॉनेटच्या वर उडालेला चिखल, नाहीतर हवेत उचललेले चाक. ते पाहून मित्रमंडळी संघ करतात, नाव नोंदवतात, दांडगे टायर चढवतात, टपावर दिवे लावतात आणि पहिल्याच दिवशी गुणतक्त्याच्या तळाला जातात. त्यात गाडीचा दोष क्वचितच असतो. नॅव्हिगेटरचा, म्हणजे चालकाशेजारी बसून वाट आणि वेळ सांगणाऱ्याचा, हिशेब आणि रुतलेली गाडी काढण्याची शिस्त या दोन गोष्टींची तयारी झालेली नसते. यांतली पहिली चुकली तर गुण जातात, दुसरी चुकली तर जीव जाऊ शकतो. वर्तमानपत्रांत या दोन्हींवर फारसे छापून येत नाही, म्हणून हे लांबलचक पत्र.

सार्वजनिक रस्त्यावर होणाऱ्या बहुतेक संघ-रॅलींत कोण आधी पोहोचला याला किंमत नसते. आयोजक प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून देतात, वेळ टिपणारे मार्शल कुठे बसलेत ते सांगत नाहीत, आणि ठरल्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे पडलेल्या प्रत्येक सेकंदाला दंड लावतात. बऱ्याच नियमावल्यांत उशिरापेक्षा लवकर पोहोचण्याचा दंड जास्त असतो. म्हणजे पायाखालचा अॅक्सिलरेटर तुम्हाला काहीच मिळवून देत नाही. ताशी ३६ किमी वेग असेल तर एका किलोमीटरला बरोबर १०० सेकंद लागतात. ३० ला १२० सेकंद, ४० ला ९०, ४५ ला ८०. समजा ८.४० किमीपर्यंत वेग ३६ आणि तिथून पुढचे ५.१० किमी ३० ने जायचे आहे. पहिल्या तुकड्याचे ८४० सेकंद, दुसऱ्याचे ६१२, एकूण २४ मिनिटे १२ सेकंद. हे गणित गाडीत बसून, हादरे खात, अंधारात करायचे असते. त्यामुळे वापरातल्या सगळ्या वेगांसाठी दर १०० मीटरचा तक्ता आदल्या दिवशीच कागदावर तयार हवा. अॅप असले तरी कागद ठेवाच. फोन तापला की बंद पडतो.

खरी गोम मात्र मीटरमध्ये आहे. तुमच्या गाडीचा किलोमीटर आणि आयोजकांचा किलोमीटर कधीच एक नसतो. टायरचा आकार, झीज, हवा आणि गाडीतले वजन यांवर चाकाचा घेर बदलतो. म्हणून सुरुवातीला मीटर पडताळण्यासाठी एक टप्पा दिलेला असतो, आणि नवखे संघ नेमका तोच गप्पा मारत पार करतात. आयोजकांचे अंतर १२.०० किमी आणि तुमच्या ट्रिपमीटरवर ११.७६ आले, तर भागाकार १.०२०४ येतो. तुमच्या प्रत्येक आकड्याला यापुढे याने गुणायचे. न गुणल्यास काय होते ते पाहा. आयोजकांचे ३० किमी संपतात तेव्हा तुमचा मीटर २९.४० दाखवतो. ताशी ३६ च्या हिशेबाने तुम्ही २,९४० सेकंदांत तिथे हजर, आणि खरी वेळ ३,००० सेकंद. पुरे एक मिनिट लवकर, तेही चालकाने एकदाही वेग न चुकवता! मग गाडीत भांडण सुरू होते आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

पडताळणी ज्या हवेवर केली त्याच हवेवर टप्पा चालवा. हवा कमी केली की घेर किंचित घटतो, फेऱ्या वाढतात, मीटर जास्त दाखवतो. चिखलात चाक जागच्या जागी फिरले तरी चाकावरून मोजणारा मीटर आकडा पुढे सरकवतोच. उपग्रहावर चालणारा मीटर यातून सुटतो, पण दाट झाडीत आणि नागमोडी घाटात तो वळणे कापून अंतर कमी धरतो. यावर उपाय एकच. रोडबुकातली (आयोजकांनी दिलेल्या मार्गपुस्तिकेतली) पुढची ठाम खूण, म्हणजे पूल, तिठा किंवा मैलाचा दगड आला की मीटर पुस्तकातल्या आकड्याशी जुळवून घ्यायचा.

रोडबुकातल्या छोट्या आकृत्यांना ट्यूलिप म्हणतात. नेदरलँड्समध्ये १९४९ साली सुरू झालेल्या ट्यूलिप रॅलीवरून हे नाव आले. गोळा म्हणजे तुम्ही येता ती बाजू, बाण म्हणजे जायची दिशा. धोक्यासाठी एक, दोन किंवा तीन उद्गारचिन्हे असतात, आणि तीन दिसली तर थांबण्याइतका वेग कमी करायचा. आदल्या रात्री नॅव्हिगेटरने वेगबदल एका रंगाने, धोके दुसऱ्या रंगाने आणि एकमेकांना खेटून येणारी वळणे तिसऱ्या रंगाने रंगवावीत. गाडीत बोलण्याचा क्रमही ठरलेला हवा. आधी अंतर, मग दिशा, मग खूण: ‘तीनशे मीटर, डावीकडे, कच्चा रस्ता.’ चालकाने ‘तीनशे, डावीकडे’ असे परत म्हणायचे. पुस्तक मांडीवर ठेवून मान खाली घातली की तासाभरात मळमळायला लागते. ते छातीच्या उंचीवर धरावे आणि दर दोन ओळींनंतर नजर रस्त्यावर टाकावी. मार्शलने टाइम कार्डावर लिहिलेली वेळ तिथेच, गाडी हलवण्यापूर्वी वाचून पाहायची. पुढे गेल्यावर ती तक्रार सहसा कोणी ऐकत नाही.

ऑफ-रोड टप्प्यातही हाच हिशेब लागतो, फक्त तो टायरच्या हवेत लपलेला असतो. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असलेली हवा खडकाळ वाटेवर २० च्या आसपास आणि मऊ वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरवावी लागते. हवा उतरली की टायर लांबट होऊन जमिनीवर पसरतो आणि वजन विभागले जाते. नक्षीपेक्षा याचा उपयोग जास्त. पण १५ च्या खाली जाऊन तीव्र वळण घेतले तर टायर रिमवरून निसटतो. आता वेळ मोजा. हवा उतरवायला पाच-सात मिनिटे आणि छोट्या कॉम्प्रेसरने चार टायर पुन्हा भरायला वीस-पंचवीस मिनिटे. ही अर्ध्या तासाची रक्कम वेळापत्रकात कोणी धरत नाही. मग उशीर भरून काढायला पक्क्या रस्त्यावर तसेच मऊ टायर पळवले जातात, टायरच्या बाजू तापतात आणि फुटतात. फोर व्हीलचेही, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देण्याचेही, तसेच आहे. ज्या गाड्यांत मधला डिफरेन्शिअल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो त्यांत कोरड्या डांबरावर फोर व्हील लावून ठेवले, की वळणावर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक जिरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण गिअरपेटीवर येतो. टप्पा संपल्यावर ‘हवा, फोर व्हील, सामानाचे पट्टे’ हे तीन शब्द नॅव्हिगेटरने मोठ्याने वाचावेत.

पाण्यातून जाताना आधी माणूस चालत जातो, मग गाडी. जिथे माणसाला उभे राहता येत नाही तिथे गाडी घालायची नाही. एक बारीक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तासभर चाललेले अॅक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) गरम असते, ते गार पाण्यात शिरले की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा लहानशा श्वासनळीतून पाणी आत ओढून घेते. नळी उंचावर नेलेली नसेल तर काठावर दहा मिनिटे थांबून अॅक्सल निवू द्यावे. संध्याकाळी डिफरेन्शिअलचे झाकण उघडून तेल बोटावर घ्यावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, तेल बदलल्याशिवाय दुसऱ्या दिवशी गाडी काढू नये. आणि पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता रुतलेली गाडी. इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. चाक फिरतेय आणि गाडी हलत नाही हे कळल्याक्षणी पाय उचला. त्यानंतरची प्रत्येक फेरी गाडीला पोटाखालच्या डिफरेन्शिअलवर बसवते. आधी आपल्याच चाकोरीतून मागे येऊन पाहा. मग टायरसमोरची आणि पोटाखालची माती फावड्याने काढा, हवा आणखी थोडी उतरवा, चाकाखाली पकड देणाऱ्या पाट्या सरकवा. ओढण्याचा विचार त्यानंतर. ओढायला किती जोर लागेल याचा एक जुना ठोकताळा आहे. चाकापर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, त्याहून वर तिप्पट. चढ असेल तर तो वेगळा धरायचा. २,२०० किलोची गाडी मडगार्डपर्यंत गेली की ४,४०० किलो. विंचवर, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्रावर, लिहिलेली ताकद ड्रमवरच्या दोराच्या सर्वांत आतल्या थराची असते. चौथ्या थरावर ती साधारण एक तृतीयांशाने घटलेली असते. म्हणजे ४,३०० किलोची विंच जवळच्या झाडाला बांधली, दोर बराचसा ड्रमवरच राहिला, तर हाती येतात जेमतेम २,८००. तेच दोर लांब सोडून, कप्पीतून वळवून परत गाडीला बांधला, तर जोर जवळपास दुप्पट होतो आणि वेग निम्मा. तारेचे किमान पाच वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, सिंथेटिक दोराचे आठ ते दहा.

लवचीक दोराने म्हणजे काइनेटिक रोपने ओढण्याची पद्धत जलद आहे, म्हणून स्पर्धेत तीच जास्त वापरतात, आणि अपघातही तिच्यातच होतात. हा दोर वीस ते तीस टक्के ताणला जातो आणि ती साठवलेली शक्ती गाडीला उपसून काढते. जिथे बांधला ती जागा तुटली तर तीच शक्ती तो लोखंडी तुकडा काचेतून आत पाठवते. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला (टो-बॉलला) दोर अडकवून माणसे मेली आहेत. तो गोळा झटक्यासाठी बनवलेलाच नसतो. चासीला बोल्टने घट्ट बसवलेला, क्षमता कोरलेला हूकच वापरा, आणि तो गाडीच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे असू द्या. दोराची तुटण्याची क्षमता दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या भरल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. फार जाड दोर ताणलाच जात नाही, सगळा झटका हुकावर जातो. दोन दोर जोडायला मध्ये शॅकल (लोखंडी कडी) घालू नका. एकाचा फास दुसऱ्यातून ओवा आणि गाठ आवळू नये म्हणून मध्ये जुने मासिक गुंडाळून ठेवा. ओढणाऱ्या गाडीने दोन-तीन मीटर ढील घेऊन लो रेंजच्या (जास्त जोर आणि कमी वेग देणाऱ्या गिअरसंचाच्या) दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे निघायचे. लांबून धाव घेत यायचे नाही. बघ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट दूर आणि बाजूला उभे राहायचे, दोराच्या रेषेत कोणीच नाही. विंचच्या दोरावर मधोमध ओले पोते किंवा जाड जॅकेट टाका. विंच गुंडाळताना हूक बोटांत धरू नका, त्याला बांधलेली हातभर पट्टी धरा. ड्रमच्या तोंडाशी बोटे गेली तर मोटर थांबेपर्यंत उशीर झालेला असतो.

संघाविषयी थोडेसे. सूचना देणारा स्पॉटर एकच असावा. दहा जणांनी दहा बाजूंनी ओरडले की चालक शेवटच्या आवाजाचे ऐकतो. स्पॉटरने चालकाला आपले दोन्ही हात दिसतील असे उभे राहावे, उलटे चालू नये आणि गाडी व खडक यांच्या मध्ये कधी शिरू नये. मूठ वर म्हणजे थांब, एवढे तरी सगळ्यांना पाठ हवे. तीन गाड्यांत विंच एकीलाच असेल तर ती शेवटी ठेवावी, असे माझे मत आहे. रुतलेली गाडी ज्या वाटेने आत गेली त्याच वाटेने सहसा सोपी निघते, आणि विंच पुढच्या बंपरवर असल्याने मागे राहिलेली ही गाडी पुढच्या रुतलेल्या गाडीला ओढू शकते. तिन्ही गाड्यांचे टायर एका मापाचे आणि रिमचे बोल्ट एका पद्धतीचे असले की सुटी चाके सगळ्यांची होतात. चाकाचे नट दर मुक्कामी आवळून पाहावेत. जॅक आणि हत्यारपेटी पट्ट्याने बांधलेली असावी. गाडी उलटली तर सुटे सामान माणसाला गाडीपेक्षा जास्त इजा करते. माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी, आणि वाळूत इंधन नेहमीच्या दीड ते दुप्पट लागेल असे धरून चला.

१९८० ते २००० या काळात झालेल्या कॅमल ट्रॉफी या आंतरराष्ट्रीय ऑफ-रोड स्पर्धेत संघभावनेचे एक वेगळे पारितोषिक असे, आणि त्याचा निकाल स्पर्धकच मतदानाने लावत. दुसऱ्याची गाडी काढायला थांबलेला संघ तिथे हरलेला धरला जात नसे. असा नियम आपल्या स्पर्धांच्या आयोजकांनी अवश्य घ्यावा. मदतीत गेलेला वेळ मार्शलने कार्डावर लिहून तो एकूण वेळेतून वजा करणे, एवढेही पुरेल.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी प्रवेशिकांची बातमी छापाल तेव्हा तिच्याखाली मीटर पडताळणीचे गणित आणि दोर कुठे बांधावा, कुठे बांधू नये याचे एक रेखाचित्र छापावे. दोन कॉलमची जागा लागेल.

आपला,
रॅलीच्या तांत्रिक तपासणीचे काम करणारा एक वाचक