टाच वळायला लागली

निशी-कासाई, तोक्यो
24 ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "या वयात लाथा मारायला कशाला शिकतेस? गुडघा गेला म्हणजे?" मी नुकतीच डोजोतून, म्हणजे कराटेच्या सरावाच्या जागेतून, आले होते, दमले होते. "काही होत नाही गं," म्हणून फोन ठेवला. नंतर रात्रभर ते मनात राहिलं. आई, तुझी काळजी खोटी नाही. म्हणून सगळं नीट लिहिते.

पुण्यात असताना माझा गुडघा दुखायचा, तो याच लाथेमुळे. तेव्हा मी तुम्हाला जिना चढताना दुखतं एवढंच सांगितलं होतं. ज्या क्लासला जात होते तिथे चाळीस जण, मोठ्याने गाणी आणि "अजून जोरात!" एवढीच शिकवण. गोल फिरवून मारायची ती लाथ. उजवा पाय किती उंच जातो ते सगळे बघायचे, डाव्या पायाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझा डावा पाय मॅटला चिकटलेला आणि वरचं अख्खं अंग फिरतंय.

बाबा, सातवीच्या वर्गात तुम्ही दार उघडून-मिटून बिजागरीचा सांधा दाखवायचात आणि मूठ तळव्यात फिरवून उखळीचा. गुडघा बिजागरीचा, खुबा उखळीचा. खाली पाऊल हललं नाही आणि वर खुबा फिरला की मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि बिजागरीला पीळ सोसत नाही. डॉक्टरांनी आतल्या बाजूचं लिगामेंट ताणल्याचं सांगितलं. सहा आठवडे बसून काढले. तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

इथले सेन्सेई, म्हणजे आमचे गुरू, सत्तरीच्या पुढचे आहेत. पहिला महिनाभर त्यांनी मला लाथ मारूच दिली नाही. भिंतीच्या बारला धरून उभं राहायचं आणि डावी टाच वळवायची, एवढंच. ज्या पायावर आपण उभे असतो त्याला इथे जिकु-आशी म्हणतात, म्हणजे अक्षाचा पाय. अंगाचा भार चवड्यावर घ्यायचा आणि टाच पुढे, जिथे मारायचं त्या दिशेला आणायची. टाच वळली की खुबा मोकळा होतो, गुडघ्यावर पीळ येत नाही आणि लाथ आपसूक लांब जाते. माझी टाच अर्ध्यावर अडायची. "काकातो," सेन्सेई म्हणायचे, म्हणजे टाच. एका तासात वीस वेळा तरी.

आणि आई, ती वळली कशी सांगू? नागपंचमीच्या सुमारास तुझी आठवण येत होती. रात्री स्वयंपाकघरात एकटीच उभी असताना एकदम आपल्या परड्यातली फुगडी आठवली. माझे हात घट्ट धरून तू म्हणायचीस, "चवड्यावर राहा. टाच टेकलीस की पडशील." मी ओट्याला धरून तसाच भार चवड्यावर टाकला आणि पाऊल गर्रकन फिरलं. पुढच्या तासाला सेन्सेईंनी पहिल्यांदाच "काकातो" म्हटलं नाही. मी घरी येईपर्यंत आरकावा नदीच्या बांधावरून चालत चालत रडले.

आता पुढचं शिकते आहे. समोर खुर्ची ठेवतात आणि पाय तिच्या पाठीवरून न्यावा लागतो, म्हणजे गुडघा आधी वर येतोच. खालून पाय भिरकावला की खुर्ची पडते. पाय दुमडलेला असतो तोवर वजन अक्षाजवळ असतं, त्यामुळे अंग चटकन फिरतं. गुडघा नेमका समोर रोखला की मगच नडगी उलगडायची. हे कारण तुम्हाला आवडेल, बाबा. आणि लागल्याबरोबर पाय दुमडून परत आणायचा, त्याला हिकी-आशी म्हणतात. पाय तिथेच रेंगाळला की पॅडवर "धप्प" असा मुका आवाज येतो. परत आला की "चट्ट". माझा अजून दहातून तीनदा चट्ट येतो. बोटं मागे ओढून चवड्याने मारायचं तर अजून जमतच नाही, पायाच्या पाठीनेच मारते.

आई, कुणाला पाय लागला की आपण लगेच हात लावून नमस्कार करतो. इथेही जोडीदारासमोर आधी वाकायचं आणि नंतरही वाकायचं. मला त्यामुळे फार बरं वाटतं. तुला भीती वाटते म्हणून सांगते, स्पर्धेतसुद्धा पोटावर बसलेल्या लाथेला 2 गुण आणि डोक्याच्या उंचीवरच्या लाथेला 3, पण ताबा सुटून डोक्याला जोरात लागली तर ताकीद मिळते.

या लाथेचं नाव मावाशी-गेरी. मावाशी म्हणजे फिरणारी. आमच्या शोतोकान या कराटे शैलीचे जनक गिचिन फुनाकोशी ओकिनावा बेटावर शाळामास्तर होते, बाबा, तुमच्यासारखेच प्राथमिक शाळेत. 1922 मध्ये पन्नाशी उलटल्यावर ते कराटे दाखवायला तोक्योला आले आणि इथेच राहिले. त्यांच्या जुन्या कातांमध्ये, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या क्रमांमध्ये, ही लाथ जवळजवळ नाहीच. ती शोतोकानमध्ये आणली त्यांचा मुलगा योशिताका याने, असं मानतात. त्याला लहानपणापासून क्षय होता आणि चाळिशी गाठायच्या आतच तो गेला. 1939 मध्ये उभारलेला त्यांचा डोजोही 1945 च्या बाँबहल्ल्यात जळला. बापाने शिकवलेल्यात मुलाने भर घातली आणि ती भर बापाच्या नावाखाली आजही शिकवली जाते. सराव करताना मला त्या मुलाची आठवण येते.

बाबा, एक विनंती आहे. आई सांगत होती, फिजिओथेरपिस्टने तुम्हाला एका पायावर उभं राहायला सांगितलंय आणि तुम्ही टाळता. आमचा तास त्यानेच सुरू होतो. एक मिनिट उजव्यावर, एक डाव्यावर, सेन्सेईसुद्धा आमच्याबरोबर. पहिल्या दिवशी मी पंधरा सेकंदांत पाय टेकवला होता. येत्या रविवारी तुमच्या सकाळी साडेसहाला, म्हणजे माझ्या दहाला, व्हिडिओ कॉल लावते. दोघांनी ओट्याला धरून उभं राहायचं, मीही राहते. आई, चहा त्यानंतर.

दिवाळीला येते आहे, तिकीट काढलं. परड्यात फरशी निसरडी झाली असेल तर घासून ठेवायला सांगा, तिथे मला तुम्हाला दाखवायचंय. आणि आई, तुझ्याबरोबर फुगडीही घालायची आहे, हळू का होईना.

तुमची,
मनू