प्रार्थनेचं दार उघडं होतं

महोदय,

‘ज्याची भक्ती त्याच्यापाशी’ असं आपण सहज म्हणतो. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या बाबतीत मात्र ते कधीच खरं नव्हतं. विधवा व मुलींसाठी काढलेल्या पुण्यातल्या शारदा सदनात त्या प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे. मुली आपणहून येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती अगदीच निराधार नव्हती, असं माझं मत. आसऱ्याला आलेल्या कोवळ्या मुलीला ‘ये’ म्हणावं लागत नाही, जिच्या घरात राहतो तिचं वागणंच पुरतं.

पण त्याच श्रद्धेने त्यांना १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात नेलं. तिथल्या उपाशी मुली, विधवा त्यांनी केडगावला आणल्या. विणकाम, शेती, छपाई त्या शिकल्या. कन्या मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवली. (स्त्रीशिक्षणाच्या भाषणांत हे क्वचितच येतं.) धर्मांतरावर वाद जरूर घालावा, मात्र तो घालताना या मुलींना तेव्हा दुसरं कोण घरात घेत होतं, तेही सांगावं.

– एक वाचक, दौंड