गुण पाठवायचे की नाही: एका ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

आमच्या मुलीचे कॉलेजातील पहिले सत्र पार पडले आणि ती तिथे रुळली, हे आपल्याला फोनवर कळवलेच आहे. परंतु ज्या कामासाठी आपण इतका वेळ दिलात, त्याचे आभार फोनवर दोन वाक्यांत उरकणे आम्हा दोघांनाही पटले नाही, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहोत. आपले नाव आणि आपण ज्या हायस्कुलात कौन्सेलर म्हणून नोकरी केलीत त्या शाळेचे नाव यात येणार नाही. ती आपली अट होती आणि ती आम्ही पाळली आहे.

अर्जाच्या कामात निबंध, शिफारसपत्रे, फॉर्म अशा अनेक गोष्टी असतात आणि त्यांत मदत करणारे लोकही भेटतात. आमचे घोडे अडले होते ते एसएटीच्या, म्हणजे अमेरिकेतील कॉलेज-प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, गुणांपाशी. ते कुठे पाठवायचे, कुठे पाठवायचे नाहीत, कोणत्या मार्गाने पाठवायचे आणि पाठवल्यानंतर ते पोहोचले हे कसे ओळखायचे, या चारही प्रश्नांना दर घरात वेगळे उत्तर मिळत होते. आम्ही दोघेही भारतात शिकलो. तिथे गुणपत्रिका दाखवावी की झाकावी हा प्रश्न कधी कुणाला पडत नाही. जे गुण असतील ते असतात आणि यादी लागते. इथे अमेरिकेत मात्र मुलाने मिळवलेले गुण कॉलेजला सांगावेत का, हे त्या कुटुंबानेच ठरवायचे असते. या मोकळिकीचे आम्हाला आजही फारसे कौतुक नाही. ज्या घरात विचारायला कुणी नाही, त्या घरावर ती मोकळीक ओझे होऊन बसते, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे आलो तेव्हा बातम्यांनी आमच्या गोंधळात भरच घातली होती. २०२० मध्ये साथीमुळे परीक्षाकेंद्रे बंद पडली आणि बहुतेक कॉलेजांनी गुण ऐच्छिक केले, हे ठाऊक होते. एमआयटीने २०२२ मध्ये सक्ती परत आणली, हेही कानावर होते. त्यानंतर २०२४ च्या फेब्रुवारीपासून डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक अशी एकेका संस्थेची घोषणा येत गेली आणि ओळखीच्या पालकांमध्ये ‘आता सगळीकडे स्कोअर लागणार’ असे जो तो सांगू लागला. आपण पहिल्याच भेटीत एक कोरा तक्ता पुढे ठेवलात आणि कॉलेजच्या नावाशेजारचा पहिला रकाना ‘नियम कोणत्या वर्षाच्या मुलांसाठी’ असा आखलात. त्या एका रकान्याने निम्मा घोळ संपला. हार्वर्ड आणि कॅलटेकची सक्ती आमच्या मुलीच्या वर्षालाच लागू होती. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलची घोषणा त्याच सुमाराला झाली असली, तरी ती सक्ती तिच्या नंतरच्या तुकडीपासून सुरू होणार होती. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाला गुण हवे होते, तर कॅलिफोर्निया विद्यापीठाची कोणतीही शाखा प्रवेशासाठी ते पाहतच नव्हती, त्यामुळे तिथे पाठवण्याचा प्रश्नच उरला नाही. येलला एसएटी किंवा एसीटी (तशीच दुसरी प्रवेशपरीक्षा) यांऐवजी एपी अथवा आयबी या विषयवार परीक्षांचे गुण चालणार होते, पण तो मार्ग निवडला तर तोवर दिलेल्या सगळ्या विषयांचे निकाल कळवायचे होते. या सगळ्या गोष्टी त्या त्या संस्थेच्या पानावर साध्या भाषेत लिहिलेल्या असतात. ‘तक्त्यात जे लिहाल ते कॉलेजच्या पानावरून लिहा आणि ज्या दिवशी वाचलेत ती तारीखही टाका,’ हा आपला आग्रह तेव्हा थोडा जाचक वाटला होता. ऑक्टोबरपर्यंत आमच्या ओळखीच्या चार घरांत त्याच तक्त्याच्या नकला फिरत होत्या.

सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत आपण आम्हाला कॉमन डेटा सेट वाचायला शिकवलात, त्याबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. बहुतेक कॉलेजे दरवर्षी हा लांबलचक तक्ता प्रसिद्ध करतात, आणि त्यातील फक्त दोन जागा आपण पेन्सिलीने दाखवल्यात. सी ७ मध्ये कॉलेज कोणत्या बाबीला किती महत्त्व देते ते असते. सी ९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्क्यांनी गुण दिले आणि त्या गुणांचे पंचविसावे, पन्नासावे व पंचाहत्तरावे शतमान (पर्सेंटाइल) काय, हे असते. आम्ही थेट शतमानांकडे गेलो, तेव्हा आपण बोट वर सरकवून टक्केवारीवर ठेवलेत आणि विचारलेत, ‘हे आकडे नेमक्या कुणाचे आहेत?’ गुण ऐच्छिक असताना ज्यांचे गुण चांगले तेच ते पाठवतात. वर्गातील निम्म्याहून कमी मुलांनी गुण दिले असतील, तर पंचविसावे शतमान हे सबंध वर्गाचे नसून त्या निवडक मुलांचे असते, आणि म्हणून ते फुगलेले दिसते. ते पाहून ‘आपण यात बसत नाही’ असा निष्कर्ष काढणारा पालक मुळात चुकीच्या रांगेशी तुलना करत असतो. छापील आकडा वाचण्याआधी तो कुणाचा, हे विचारायची सवय आपण लावलीत, आणि ती आता आमच्या नोकरीच्या कामातही उपयोगी पडते आहे.

मुलीने परीक्षा मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये दिली. पहिल्या वेळी वाचन-लेखनात ७२० व गणितात ६९०, म्हणजे १४१०. दुसऱ्या वेळी ७०० व ७६०, म्हणजे १४६०. सुपरस्कोअर करणारे, म्हणजे प्रत्येक विभागातील सर्वांत चांगले गुण घेणारे कॉलेज यातील ७२० व ७६० उचलून १४८० धरते, हे आपण समजावलेत. त्यासाठी दोन्ही तारखांचे गुण द्यावे लागतात. कॉलेज बोर्ड, म्हणजे एसएटी घेणारी संस्था, एकाच तारखेतील अर्धा निकाल पाठवत नाही. १४१० लपवण्याची आमची धडपड त्यामुळे आपोआप थांबली, कारण १४८० त्याच्याशिवाय होत नव्हते. जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी तर निवड करण्याची सोयच नाही, तिथे दिलेल्या सगळ्या परीक्षांचे गुण मागतात. एसीटीच्या ३३ गुणांना १४६० समकक्ष धरतात, तेव्हा आता तीही परीक्षा देऊन बघावी का, या आमच्या प्रश्नावर आपण एवढेच म्हणालात की शरद ऋतूतील शनिवार निबंधाला लागतील. त्यावर आम्ही पुन्हा विचारले नाही.

बारीकसारीक गोष्टींत आपला हात कुणी धरू शकणार नाही. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जात, गुणांचा विभाग सगळ्या कॉलेजांसाठी एकच असतो आणि शिवाय प्रत्येक कॉलेज आपल्या पुरवणी प्रश्नांत गुण विचारात घ्यावेत का, हे वेगळे विचारते. एकीकडे ‘नको’ म्हणायचे आणि दुसरीकडे आकडे तसेच राहायचे, असे होऊ नये म्हणून अर्ज धाडण्यापूर्वी त्याची पीडीएफ प्रत उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचायला आपण मुलीला लावलेत. शाळेच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, एसएटीचे गुण छापले जातात का, हे शाळेत विचारून यायलाही सांगितलेत. काही शाळा ते छापतात, आणि मग अर्जात न दिलेले गुण शाळेच्याच कागदावरून कॉलेजात पोहोचतात. आमच्या शाळेत तशी पद्धत नव्हती, पण शेजारच्या गावातील एका मुलाच्या ट्रान्स्क्रिप्टवर ते होते आणि त्याच्या आईने वेळेत अर्ज देऊन काढून घेतले.

नावाचे प्रकरण मात्र आमच्याच वाट्याला आले. बहुतेक कॉलेजांना अर्जात आपण स्वतः लिहिलेले गुण चालतात आणि अधिकृत अहवाल प्रवेश निश्चित झाल्यावर लागतो. एका विद्यापीठाला तो आधीच हवा होता. आम्ही तो कॉलेज बोर्डाकडून पाठवला, पैसे भरल्याची पावती आली, आणि तरीही विद्यापीठाच्या पोर्टलवर गुणांपुढे ‘मिळाले नाहीत’ हेच दिसत राहिले. त्यात त्या वर्षी लक्ष्मीपूजन आणि १ नोव्हेंबरची मुदत एकमेकांना खेटून आलेली, त्यामुळे घरात पणत्या लावताना सुद्धा कुणीतरी पोर्टल उघडून बघत होते. अहवाल पुन्हा पाठवावा, दुप्पट पैसे गेले तरी चालतील, असे आमचे ठरत आले होते. आपण ते थांबवलेत आणि विचारलेत, ‘दोन्हीकडे नाव कसे लिहिले आहे?’ शाळेच्या नोंदीत आणि म्हणून कॉलेज बोर्डाच्या खात्यात मुलीचे नाव आणि आडनाव एवढेच होते. अर्जात पासपोर्टप्रमाणे मधले नाव, म्हणजे आपल्या रिवाजानुसार वडिलांचे नाव, पहिल्या नावालाच जोडून आले होते. अहवाल विद्यापीठात पोहोचला होता, फक्त तो कुणाच्या फाईलमध्ये लावायचा हे तिथल्या संगणकाला जुळत नव्हते. प्रवेश कार्यालयाला लिहायची ईमेल आपण तिथेच सांगितलीत: अर्जातील नाव, एसएटीवरील नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, अहवाल पाठवल्याची तारीख, आणि शेवटी दोन्ही नोंदी एकाच विद्यार्थिनीच्या असल्याचे एक वाक्य. तक्रारीचा एक शब्दही त्यात येऊ दिला नाहीत. काही दिवसांतच पोर्टलवर हिरवी खूण आली. मधले नाव वडिलांचे असणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक घराने ही गोष्ट परीक्षेची नोंदणी करतानाच पाहून घ्यावी, म्हणून ती इथे मुद्दाम सविस्तर लिहिली आहे.

एवढे सगळे सांगूनही कोणत्या कॉलेजला गुण पाठवायचे, हे आपण एकदाही सांगितले नाहीत. आम्ही विचारत राहिलो आणि आपण दर वेळी खुर्ची मुलीकडे वळवून तिलाच विचारत राहिलात. एका कॉलेजच्या छापील आकड्यांपेक्षा तिचे गुण जरा खाली होते. तिथे ते द्यावेत असे तिला वाटत होते, कारण तिला अभियांत्रिकीला जायचे होते आणि गणिताचे ७६० तिच्या अर्जाशी सुसंगत होते. तिच्या वडिलांचे मत उलट होते. आपण दोघांचे ऐकून घेतलेत आणि अर्ज कुणाच्या नावाने जाणार आहे, एवढेच विचारलेत. गुण गेले. त्या कॉलेजने तिला प्रतीक्षायादीत ठेवले. गुणांमुळे की आणखी कशामुळे, हे कुणालाच कळणार नाही, आणि घरात त्याची चर्चाही झाली नाही, कारण निर्णय तिचा होता.

त्याच टेबलावर आपण आणखी एका कुटुंबाला भेटत होतात. त्या घरातील मुलगा कॉलेजात जाणारा पहिलाच, गुण १४०० च्या आसपास, आणि ते पाठवायची त्याची हिंमत होत नव्हती. डार्टमथने सक्ती परत आणताना त्यांच्याच प्राध्यापकांनी केलेल्या अभ्यासाचा आधार घेतला होता. अडचणीच्या परिस्थितीतून येणारी १४०० च्या घरातील मुले आपले गुण कमी समजून पाठवत नाहीत, वास्तविक त्यांच्या शाळेचा आणि परिस्थितीचा विचार करता तेच गुण त्यांच्या बाजूने बोलले असते, असे त्यात आढळले होते. आपण तो भाग त्या मुलाला वाचून दाखवलात. शुल्कमाफी मिळालेल्या विद्यार्थ्याला अधिकृत अहवाल हव्या तितक्या कॉलेजांना विनामूल्य पाठवता येतात, हेही त्याला तेव्हाच कळले. प्रवेशाला गुण ऐच्छिक असले तरी काही शिष्यवृत्त्यांसाठी ते लागतात, हे सांगून त्याच्या तक्त्यात आपण आणखी एक रकाना वाढवलात. आम्ही शेजारी बसून ऐकत होतो.

अमेरिकेतील शाळा-कौन्सेलरांची राष्ट्रीय संघटना एका कौन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत असे म्हणते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याहून अधिक असतात, त्यामुळे मुलीच्या शाळेतील कौन्सेलरांना आम्ही कधी दोष दिला नाही. ज्यांना परवडते ते खासगी सल्लागाराकडे जातात. आपण निवृत्तीनंतरचे शनिवार दिलेत आणि आम्ही घरून आणलेला फराळाचा डबासुद्धा परत पाठवलात. तो मात्र आम्ही अजून विसरलेलो नाही, याची नोंद असावी.

अखेरीस मुलीने राज्य विद्यापीठ निवडले आणि जागा निश्चित झाल्यावर तिथे अधिकृत अहवाल एकदाच पाठवला, या वेळी ईमेलमध्ये दोन्ही नावे आधीच लिहून. तिचा धाकटा भाऊ आता दहावीत आहे. प्रिन्स्टनने २०२७-२८ च्या प्रवेशफेरीपासून सक्ती जाहीर केली आहे, म्हणजे पहिला रकाना त्यालाही लागणार. आपला तक्ता यंदाच्या पाच-सहा पालकांनी मागितला. आपण सांगितल्याप्रमाणे नियमांचे आणि तारखांचे रकाने कोरे करून, फक्त शीर्षके ठेवून तो त्यांना दिला आहे. कॉलेजांच्या पानांवरून ते त्यांनी स्वतःच भरायचे आहेत.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपले कृतज्ञ,
अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या आपल्या विद्यार्थिनीचे आई-बाबा